नव्याचे नऊ दिवस आणि सहा तारा

रात्रीची जेवणं आटोपली की मी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतो आणि मोबाइलवर नव्या इलेक्ट्रिक गिटारींच्या बातम्या वाचत बसतो. वाजवत नाही. डावा हात नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब मानेवर असतो, एखादी तार उगाच दाबून धरलेली असते, पण उजव्या हाताचा अंगठा पडद्यावर वर-खाली फिरत राहतो. कुणी कुठला रंग काढला, कुणाच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांच्या कंपनाची वीज करणाऱ्या भागात यंदा कुठलं लोहचुंबक आलं, पायाने आवाज बदलायच्या कुठल्या पेडलला चौथं बटण फुटलं, सगळं मला तोंडपाठ. एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा बार कॉर्ड धरला की माझी दुसरी तार मात्र आजही मुकी राहते.

जानेवारी हा आम्हा लोकांचा सुगीचा महिना. अमेरिकेत वाद्यव्यापाऱ्यांची नॅम नावाची संघटना आहे. 1901 साली पियानो विकणाऱ्यांनी ती काढली. तिचं प्रदर्शन कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला भरतं, बहुधा जानेवारीतच, आणि मग दोन-तीन आठवडे बातम्यांचा नुसता पाऊस. कंपन्या आधी धूसर फोटो सोडतात. काळ्या कापडाखाली काहीतरी आहे, एक कड तेवढी चमकतेय. त्या कडेवरून हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग कुणाचा हे ओळखण्यात माझी एक अख्खी रात्र जाऊ शकते. कापड निघतं तेव्हा खाली बहुधा तीच गिटार असते, जी मागच्या वर्षी होती.

मी हे असं फटकन लिहिलं खरं, पण हे माझ्या लक्षात आणून दिलं मुलीने. मी तिला कौतुकाने दोन फोटो दाखवले. डावीकडे जुनं मॉडेल, उजवीकडे नुकतंच आलेलं. तिने मोबाइल हातात घेऊन डोळे बारीक केले.

"बाबा, हे 'फरक ओळखा' आहे का?"

"ओळख बरं."

"रंग."

"आणि?"

"आणि काय?"

मी म्हटलं, अगं, आधीच्या नेकला चकचकीत पॉलिश होतं, याच्या नेकला सॅटिन आहे. शिवाय फ्रेट, त्या नेकवरच्या आडव्या पट्ट्या, स्टीलच्या केल्यात. तिने माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाला बघायला गेल्यावर पाहतात तसं. मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि गेली.

आता तिला कसं सांगायचं की या धंद्यातली बहुतेक सगळी खरी बातमी 1950 ते 1958 या आठ वर्षांत येऊन गेली! 1950 मध्ये लिओ फेंडरने सपाट फळीतून कापलेली, नेक चक्क स्क्रूने जोडलेली गिटार बाजारात आणली. बारसं झालं, नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराच्या नावाचे ड्रम आधीपासून होते, त्यांनी हरकत घेतली. नवं नाव सुचेपर्यंत धंदा थोडाच थांबवणार? कारखान्यातल्या लोकांनी हेडस्टॉकवर चिकटवायच्या छापील पट्ट्यांतून तेवढा शब्द कापून टाकला आणि काही महिने गिटारी बिननावाच्याच बाहेर पडल्या. 1951 मध्ये टेलिकास्टर हे नाव पडलं. मधल्या त्या बिननावी गिटारींना शौकीन लोक आज नोकास्टर म्हणतात आणि त्यांच्यासाठी जीव टाकतात. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ही माहिती मला अडीअडचणीला फार धीर देते.

पुढे 1952 मध्ये गिब्सनची लेस पॉल आली, 1954 मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर. एका गुंडाळीच्या पिकअपमध्ये विजेची घरघर शिरायची. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने उलटसुलट गुंडाळलेल्या दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी बसवून ती घरघर एकमेकींकडूनच मारून टाकली. ते हंबकर 1957 मध्ये लेस पॉलवर बसले. 1958 ला गिब्सनने बाणाच्या टोकासारखी फ्लाइंग व्ही काढली. तेव्हा कुणी तिला विचारलंही नाही, पहिल्या दोन वर्षांत जेमतेम शंभरेक गिटारी कारखान्याबाहेर पडल्या. लेस पॉलचीही तीच गत. विक्री घसरली म्हणून 1960 नंतर तिचा तो मूळ आकारच बंद केला. मग एरिक क्लॅप्टनसारखी पोरं जुन्या, वापरलेल्या लेस पॉल शोधून वाजवायला लागली, तेव्हा कुठे 1968 मध्ये कंपनीला ती पुन्हा आणावी लागली.

मला यातला सगळ्यात आवडता किस्सा स्ट्रॅटोकास्टरच्या, पिकअप निवडायच्या खटक्याचा आहे. तीन पिकअप, तीन जागांचा खटका. पुढचा, मधला, मागचा, विषय संपला. पण वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की खटका दोन जागांच्या मध्ये अलगद अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकदम चालू होतात आणि एक वेगळाच, पाण्यातून आल्यासारखा मऊ आवाज निघतो. झालं! लोक खटका मध्येच अडकवून वाजवू लागले. जरा धक्का लागला की तो सटकायचा, परत अडकवायचा. फेंडरने कारखान्यातूनच पाच जागांचा खटका बसवून द्यायला सुरुवात केली ती 1977 मध्ये. तेवीस वर्षांनी!

त्यानंतर काहीच नवं झालं नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. बिनडोक्याच्या गिटारी आल्या. म्हणजे हेडस्टॉकच नाही, खुंट्या खाली ब्रिजपाशी, तारा जिथे अडकवतात तिथे. गिब्सनने 2007 मध्ये स्वतःच सुरात लागणारी गिटार काढली. मोटर लावलेल्या खुंट्या आपल्या आपण फिरायच्या, बघायला गंमत वाटायची. 2015 मध्ये त्यांनी हे यंत्र बऱ्याच मॉडेलांवर सरसकट बसवलं. लोक असे काही खवळले की पुढच्याच वर्षी साध्या खुंट्या परत. आम्हा शौकिनांना बातमी रोज नवी हवी, गिटार मात्र जुनीच हवी. कंपन्यांनी तरी काय करावं?

म्हणून त्या रंग काढतात.

रंगाची बातमी मी कधीच सोडत नाही. फेंडरने पन्नासच्या दशकात गिटारींना रंग लावायचे ठरवले तेव्हा वेगळे रंग बनवत बसले नाहीत. मोटारींसाठी बनलेलेच उचलले. फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा, सर्फ ग्रीन शेवरलेचा. त्या मोटारी कधीच्या भंगारात गेल्या असतील, पण त्यांचा रंग आजही दरवर्षी 'नवा' म्हणून येतो. पुढची गंमत अशी की वरचं पारदर्शक लॅकर वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं. पांढरी गिटार सायीच्या रंगाची होते, निळी हिरवट दिसू लागते. आणि आता कंपन्या आधीच पिवळा पडलेला पांढरा विकतात. कारखान्यातून ताजी बाहेर पडलेली गिटार, वय दोन आठवडे, रंग साठ वर्षांचा.

रंगावर भागलं असतं तर ठीक. 1995 च्या नॅमला फेंडरच्या कस्टम शॉप या खास विभागाने मुद्दाम जुन्या केलेल्या गिटारी मांडल्या. नाव दिलं रेलिक. कोपराच्या जागी रंग घासून उडवलेला, स्क्रू गंजवलेले, पाठीवर बेल्टच्या बकलाचे ओरखडे. ज्या बकलाने ते पडले ते बकल कुणाच्याच कमरेला कधी नव्हतं. हे लोकांना इतकं आवडलं की आज जवळपास प्रत्येक कंपनी गिटार बडवून देते. थोडी बडवलेली, मध्यम बडवलेली, पार रया गेलेली, अशा प्रती असतात. जितकी जास्त बडवाल तितकी महाग.

इथे माझं बिंग फोडतो. माझ्या स्वतःच्या गिटारच्या पिकगार्डवर अजून कारखान्याचं पातळ प्लॅस्टिक आहे. दोन वर्षं झाली. पिकचे, म्हणजे तारा छेडायच्या चकतीचे ओरखडे पिकगार्डवर पडू नयेत म्हणून काढलं नाही. पिकगार्ड हा भाग पिकचे ओरखडे झेलण्यासाठीच असतो हे मला ठाऊक आहे. आणि मी रात्री बारा वाजता मुद्दाम घासून रंग उडवलेल्या गिटारचे फोटो मोठे करून करून बघतो.

असो. रंग आणि ओरखडे सोडले तर ज्या बातम्यांनी गिटार खरोखर बदलते त्या कुणी चमकदार फोटोसकट देत नाही. त्या झाडांच्या असतात. 2 जानेवारी 2017 पासून दुर्मीळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली शिसवाच्या अख्ख्या कुळावर निर्बंध आले. फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची फळी, तर पिढ्यानपिढ्या शिसवी. सीमा ओलांडणाऱ्या गिटारीला कागदपत्रं लागू लागली आणि कंपन्यांनी पटापट दुसरी लाकडं शोधली. पाउ फेरो आलं, लॉरेल आलं. नावं ऐकून आम्ही नाकं मुरडली. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, शिसव परतलं. तेवढ्यात अ‍ॅशची पाळी. अमेरिकेत अ‍ॅशची झाडं एका हिरव्या किड्याने पोखरून टाकली आणि 2020 मध्ये फेंडरने जाहीर केलं की नेहमीच्या उत्पादनात आता अ‍ॅश फारसं दिसणार नाही. बोटाच्या पेराएवढासुद्धा नसलेला किडा. टेलिकास्टरच्या जन्मापासूनचं लाकूड त्याने तिच्यापासून तोडलं. त्या वर्षी मी पेडलच्या पन्नास बातम्या वाचल्या असतील. लक्षात ही एकच राहिली.

पेडलांवरून आठवलं. गिटारवाल्यांत एक रोग असतो, गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम. साधनं जमवत सुटण्याचा. त्याची आद्याक्षरं जोडली की गॅस होतो. एकदा बायको विचारत होती, चेहरा असा का, तर मी बेसावधपणे म्हटलं, गॅस झालाय. तिने ओवा आणून दिला. मी मुकाट्याने चावला, आणि चावता चावता पेडल मागवून टाकलं. ते आलं, दोन संध्याकाळी मी त्याची बटणं फिरवली आणि तिसऱ्या संध्याकाळी त्यापेक्षा चांगल्या पेडलची बातमी आली. पहिलं सध्या खणात आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझ्याकडे दोनच पुरतात.

पिकअपच्या बातम्यांनी मात्र मी अजून विरघळतो. लोहचुंबकाच्या सहा कांड्या आणि भोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, याउपर त्यात काही नाही. पण अबिगेल इबारा नावाची बाई 1956 मध्ये फेंडरच्या कारखान्यात लागली आणि पुढे कित्येक दशकं ते वेढे घालत राहिली. तिच्या हातचे पिकअप लोक तिच्या सहीवरून ओळखतात. यंत्र वेढे एकसारखे घालतं, माणसाचा हात जरा इकडेतिकडे सरकतो, आणि आवाजातला गोडवा त्या सरकण्यात आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. मीही मानतो. डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकवलं तर मला ओळखता येईल का, हा प्रश्न कृपया कुणी विचारू नये.

तर परवाची गोष्ट. मी नेहमीसारखा मांडीवर गिटार, हातात मोबाइल असा बसलो होतो. मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, तू वाचतोसच नुसता. वाजव ना काहीतरी."

आता आली का पंचाईत! मोबाइल उपडा ठेवला, केबल खोचली, अँप्लिफायर चालू केला. पहिलाच खालून वर हात मारला आणि पिक अडकलं. पिकगार्डवरच्या त्या प्लॅस्टिकचा कोपरा सुटून वर आला होता, पिक नेमकं त्याच्याखाली गेलं. सोडवायला गेलो तर कोपरा आणखी सुटला. चिकटवून पाहिला, चिकटेना. शेवटी नखाने धरला आणि सगळंच ओढलं.

अँप चालू होता हे मी विसरलो होतो. प्लॅस्टिक सुटताना घर्षणाची वीज तयार होते आणि पिकअप तिथेच बसलेले असतात. चर्रर्र, कड, कडकड, चर्रर्र. कोरडी फांदी मोडावी तसा आवाज खोलीभर झाला. पोरगी दचकून मागे सरली, मग तिचे डोळे मोठे झाले.

"भारीये! हे कुठलं नवीन पेडल?"

"पेडल नाही गं."

"परत कर ना!"

हातात प्लॅस्टिकचा बोळा झाला होता. परत कसं करणार? मग आठवलं, गिटारच्या पाठीवर स्प्रिंगांचं झाकण असतं. मी गिटार उलटी केली. त्यावरचं प्लॅस्टिक अजून जसंच्या तसं होतं.