आमची वाटचाल : सहा मीटर म्हणजे सहा मीटर

आम्ही ल्युअर बनवतो, म्हणजे नावेमागे लाइनवर ओढायचे, मासे पकडायचे नकली मासे. सुरुवात मी आणि मेहुण्याने केली. एक ड्रिल, दोन कानशी आणि लिपची (ल्युअरच्या तोंडाशी बसणारी, त्याला पाण्यात खाली नेणारी पट्टी) खाच कापायला हाताने बनवलेलं जिग, म्हणजे साचा, ते जिग अजून माझ्या टेबलावर आहे, कुणाला हात लावू देत नाही. पुढची सहा-सात वर्षं माल जात राहिला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ती बॅच. जिगची एक कड झिजलेली, आमच्या लक्षातच नाही, लिप जराशी उभी बसत गेली. लिप अंगाच्या रेषेत असेल तर ल्युअर खोल जातं, उभी झाली की वरच फडफडतं, हे तुम्हाला काय सांगायचं. पहिला फोन काकांचा, आमचं पहिलं गिऱ्हाईक, नावेवर वही ठेवणारा माणूस, लाइन किती सोडली, जाडी किती, स्पीड किती, सगळं टिपणार. म्हणाले, "बॉक्सवर ६ मीटर लिहिलंयस, ४ मीटर पाण्यात तीन फेऱ्या मारल्या, एकदाही तळाला टेकलं नाही." अख्खा माल परत घेतला. मेहुण्याने तेव्हाच भागीदारी सोडली, राग नाही... म्हणजे थोडा आहे.

आणि नेमकं तेव्हाच एकाने आमचीच नक्कल काढली, बॉक्सवर छापलं "९ मीटर". अरे पण किती लाइन सोडून? कुठल्या जाडीवर? बारीक ब्रेड (विणलेली लाइन) लावून दुप्पट सोडली तर आमचंही जाईल की! जाड मोनोला (एकाच तंतूची लाइन) पाणी जास्त अडवतं, ल्युअर वर राहतं. आम्ही बॉक्सवर लाइनची लांबी-जाडी छापतो म्हणून दुकानदार म्हणायचे तुमचं कमी खोल जातं. दोन सीझन असेच गेले.

आता विषय निघालाच आहे तर, डाउनरिगरच्या (केबलला जड गोळा लावून ल्युअर खोल नेणारं यंत्र) केबल मोजणाऱ्या काउंटरवर आंधळा विश्वास ठेवू नका. केबल ३० मीटर सोडली आणि गोळा मागे ओढला जाऊन ती ४५ अंशात तिरकी झाली की गोळा जेमतेम २१ मीटरवर असतो. स्पीड कमी करा नाहीतर जड गोळा लावा. आणि नाव वळताना आतल्या बाजूचा स्पून (चमच्यासारखं धातूचं ल्युअर) मंदावून खाली जातो, बाहेरचा वर येतो, मासा कुठल्यावर लागला ते बघत जा.

अजूनही प्रत्येक बॅचचे पहिले तीन नग काकांकडे जातात. मागच्या आठवड्यात फोन आला, "पाच पॉइंट आठ." रात्री बसून जिग पुन्हा मोजलं.