नॅरोगेजचा डबा: आधी दिव्यांचं बघा, भिंती मग

कडबी चौकातल्या नॅरोगेज म्युझियममुळे नागपूरकरांना या डब्यांचं छोटं मॉडेल बनवण्यासाठी ड्रॉइंग शोधत बसावं लागत नाही. परवानगी काढायची आणि टेप लावायचा. १:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेलमध्ये, एक फूट म्हणजे साडेतीन मिमी. २ फूट ६ इंचांचा रूळ पावणेनऊ मिमीवर येतो, म्हणून एन गेजची (९ मिमी रुळाच्या मॉडेल गाड्यांची) चाकं चालून जातात.

भिंत ०.५ मिमी स्टायरीनच्या (प्लास्टिक शीटच्या) दोन थरांची करा. आतल्या थरातली खिडकी चारही बाजूंनी १ मिमी मोठी कापली की खिडकीच्या गजांना खाच मिळते. गजांसाठी ०.२ मिमी तार दोन एम-६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टांवर गुंडाळायची. आट्यांमधलं अंतर बरोबर १ मिमी असतं, ते आपोआप सांभाळलं जातं. थर चिकटवण्याआधी आतल्या थराला बारीक भोकं पाडा, नाहीतर कोंडलेलं सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवून चिकटवणारं द्रावण) आठवड्याभरात भिंत वाकवतं. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हे काम सकाळीच उरका, दुपारी सॉल्व्हंट ब्रशवरच उडून जातं.

आता खरी मेख. स्टायरीनमधून उजेड आरपार जातो. आत दिवा लागला की अख्खा डबा कंदिलासारखा उजळतो आणि गजांची सगळी मेहनत वाया. म्हणून आतून आधी काळा रंग, त्यावर पांढरा. छत आणि कोपऱ्यांचे सांधेही सोडायचे नाहीत. हे डबा जोडण्याआधीच करायचं, नंतर ब्रश पोचत नाही. लॅकर स्प्रे कूलरसमोर मारू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते.

करंट दोन बोगींतून (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांतून) घ्यायचा: एक डाव्या रुळावरून, दुसरी उजव्या. चाकं धातूची, एका बाजूला इन्सुलेटेड. बोगीतला एक आस जरी उलटा बसला तरी थेट शॉर्ट, त्यामुळे जोडणीआधी मल्टिमीटर लावाच. पुढे ब्रिज रेक्टिफायर (करंट कुठूनही आला तरी एकाच दिशेने सोडणारे चार डायोड), म्हणजे गाडी कुठल्याही दिशेने गेली तरी दिवे लागतात.

१२ व्होल्ट डीसीवर ब्रिजमध्ये सुमारे १.४ व्होल्ट जातात. दोन वॉर्म व्हाइट ०६०३ एलईडी (चिमुकले, चपटे एसएमडी प्रकारचे) सीरीजमध्ये आणि २.२ किलो-ओमचा रेझिस्टर लावला की २ मिलिअँपिअर मिळतात, डब्याला तेवढे भरपूर. तीन एलईडी सीरीजमध्ये लावायचा मोह टाळा; गाडी हळू झाली की तिन्ही एकदम विझतात. मागच्या लाल दिव्याला १० किलो-ओम. हे सामान नागपुरात सीताबर्डीवर मिळतं. एसएमडी मिळाला नाही तरी त्याऐवजी ३ मिमीचा गोल एलईडी घेऊ नका, छतात मावत नाही.

लुकलुक थांबवायला ब्रिजनंतर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा, तो संडासाच्या खोलीत लपतो. डीसीसी (गाडी डिजिटल सिग्नलने चालवायची पद्धत) असेल तर कपॅसिटरच्या सीरीजमध्ये १०० ओमचा रेझिस्टर हवाच, नाहीतर लाइन सुरू करताच रुळांना वीज देणारा बूस्टर ट्रिप होऊ शकतो. छत निघतं ठेवा आणि छतातल्या दिव्यांकडे जाणाऱ्या एनॅमल (बारीक, लेप दिलेल्या) तारेला तीनेक सेंटिमीटर ढील द्या.