टूल सोडताना हातात काय राहतं?

डेव्हलपर टूल ओपन सोर्स असावं की पैसे मोजून घेतलेलं क्लोज्ड, हा वाद बहुतेक वेळा किमतीपाशीच अडतो. किंमत हा त्यातला सोपा भाग. उद्या हे टूल सोडायचं ठरलं तर आपलं काय काय अडकून पडेल, ते आधी बघावं.

एडिटर, डीबगर, प्रोफायलर यांत फारसं काही अडकत नाही. कोड साध्या टेक्स्ट फाइल्समध्येच असतो. एडिटर बदलला की चार दिवस शॉर्टकट चुकतात, इतकंच. तिथे क्लोज्ड टूलला खुशाल पैसे द्यावेत. एडिटर बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीसारखी सोय असेल, म्हणजे वर्षभर पैसे भरल्यावर सबस्क्रिप्शन थांबवलं तरी एक जुनी आवृत्ती कायम वापरता येते, तर उत्तमच.

व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) आणि बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं) यांचं तसं नाही. लिनक्स कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर या क्लोज्ड व्हर्जन कंट्रोल टूलवर चालायचं. २००५ मध्ये फुकट वापराची परवानगी गेली आणि लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सला गिट हे नवं टूल लिहावं लागलं. (सगळ्यांच्या टीममध्ये लिनस टॉरवाल्ड्स नसतो.) बिल्ड सर्व्हरवर फ्लोटिंग लायसन्सचा (ठरावीक सीट सगळ्यांनी आलटून पालटून वापरायच्या, असा) कंपायलर असेल तर वेगळीच कटकट: बिल्ड ज्यात चालतो तो कंटेनर मध्येच मेला की सीट परत जमा होत नाही आणि टाइमआउट होईपर्यंत पुढचे बिल्ड ताटकळतात.

पण ओपन सोर्सचा नुसता शिक्काही पुरत नाही. सर्व्हरसारख्या गोष्टी कोड लिहून उभ्या करणारं टेराफॉर्म ऑगस्ट २०२३ मध्ये एमपीएल हे ओपन सोर्स लायसन्स सोडून वापरावर बंधनं घालणाऱ्या बीएसएलवर गेलं. कोड देणाऱ्यांनी सीएलएवर (कोड देताना कंपनीशी होणाऱ्या करारावर) सही करून तसा हक्क दिलेला असला की पुढच्या आवृत्तीचं लायसन्स कंपनी एकटीच बदलू शकते. म्हणून लायसन्सच्या फाइलसोबत सीएलएही वाचावा.

आधीचा कोड मात्र जुन्याच लायसन्सखाली राहतो. टेराफॉर्म १.५.७ ही एमपीएलखालची शेवटची आवृत्ती, आणि ओपनटोफू त्याच जुन्या कोडवरून फोर्क झालं, म्हणजे वेगळं टूल म्हणून पुढे निघालं. तिकडे जायचं तर आधी टेराफॉर्म प्लॅन (काय बदलेल ते आधी दाखवणारी कमांड) चालवून बाकी राहिलेले बदल शून्यावर आणावेत, प्रोव्हायडरच्या (क्लाउड सेवांशी बोलणाऱ्या प्लगइनच्या) आवृत्त्या पिन कराव्यात, म्हणजे आहेत त्याच ठेवाव्यात, स्टेट फाइलचा (टूलने काय काय उभं केलं त्याच्या नोंदीचा) बॅकअप घ्यावा आणि मग ओपनटोफूच्या टोफू इनिट, टोफू प्लॅन या कमांड चालवाव्यात. प्लॅनमध्ये एकही बदल दिसता कामा नये. दिसला तर अप्लायला (बदल प्रत्यक्षात आणणाऱ्या कमांडला) हात लावू नका. आधी प्रोव्हायडरची आवृत्ती तीच आहे का ते तपासा. ओपनटोफू १.७ पासून आलेलं स्टेट एन्क्रिप्शनही लगेच चालू करू नका. एन्क्रिप्ट केलेली स्टेट फाइल टेराफॉर्मला वाचता येत नाही, म्हणजे परतीचे दोर आपणच कापले, आणि तेही ओपन सोर्स टूल वापरून.