चिखलाची तयारी, डांबराचा फोड

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात डांबरी रस्ता सोडून पाड्याकडे वळलं, की पहिल्या दोन-तीन पावसांनंतर पायाखाली काय येईल त्याचा भरवसा नाही. वर बोटभर तांबडा चिखल, खाली काळा कातळ. चिखल खोल नसतो, घात तिथेच होतो. खोल चिखलात पाय रुततो. कातळावरच्या पातळ चिखलात तो धरतच नाही. साठीनंतर पुन्हा डोंगर धरला तो इथे, वारीच्या तयारीसाठी. एप्रिलपासून दर शनिवारी, चांगलं उजाडल्यावरच, कारण हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आणि अंधारातली वेळ बिबट्याची. ३ किलोमीटरपासून सुरुवात, दर आठवड्याला एकेक वाढवत १२ पर्यंत. शेवटचे तीन शनिवार चिखलाचे मिळाले.

चढताना नुसता दम लागतो, पडायला होतं ते उतरताना. भीतीने आपण मागे रेलतो, सगळा भार टाचेवर जातो आणि टाच निसटते. गुडघे जरा वाकलेले, अंग किंचित पुढे, पाऊल एरवीच्या निम्मं आणि तळवा पुरता टेकलेला हवा. काठी आधी, पाय मागून. काठी धरल्यावर कोपर काटकोनात यावं. उतारावर तीच चार बोटं लांब लागते, म्हणून बांबू लांबच घ्यावा आणि चढताना खालून धरावा. हिरवं शेवाळ निदान दिसतं, काळं दिसत नाही. कातळावर सागाचं ओलं पान पडलेलं असेल तर त्यावर पाय द्यायचा नाही, गवताच्या बुंध्यावर द्यायचा. बूट अर्धा नंबर मोठे, कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतो आणि उतारावर अंगठ्याचं नख पुढे आपटतं. नखं आदल्या रात्री कापायची, निघताना नाही. मोजे सुती नकोत, सूत पाणी धरून ठेवतं. पायाला भेग असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापावरची गोळी आधीच घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारायचं, शेजारणीला नाही.

हे सगळं केलं. येऊरला एकदाही पडले नाही, एक फोड नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून पालखी निघाली, मी रथामागच्या एका दिंडीत ठाण्याच्या चौघींबरोबर. आळंदी, पुणे. आणि मग दिवेघाट चढून माथ्यावर आले तेव्हा डाव्या टाचेत निखारा ठेवल्यासारखं झालं.

स्वच्छ डांबरावर.

असं का झालं, ते आता कळतं. डोंगरातलं प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. एक वाकडं, एक उंच, एक लांब. घासलं तरी जागा बदलत राहते. डांबरावर हजारो पावलं एकाच मापाची पडतात आणि बूट टाचेच्या त्याच रुपयाएवढ्या जागी घासतो. त्यात पुणे-सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, तीसहून जास्त किलोमीटर. सकाळच्या सरीत मोजे भिजले, बदलायला थांबले नाही, कारण दिंडी पुढे जाईल. गर्दीत आपल्या चालीने चालता येत नाही. अर्धं पाऊल टाकून थांबायचं, पाय घासत ओढायचा. चिखलासाठी घेतलेला जाड बूट आतून ओला झाला की दिवसभर सुकत नाही. आजूबाजूच्या बायकांच्या पायात साध्या रबरी चपला, दहा मिनिटांत कोरड्या. त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या, आणि मला वाटत होतं कौतुकाने.

झेंडेवाडीजवळ रस्त्याच्या कडेला बसले. दर शंभर पावलांवर कोणीतरी बिस्किटं देत होतं. बिस्किटं नको होती, कोरडी जागा हवी होती. समोर दोन मुलं घाटाचा व्हिडिओ काढत होती आणि त्यासाठी टाळकऱ्यांना पुन्हा नाचायला सांगत होती. मनात विठ्ठलाचं नाव सोडून बाकी सगळं आलं.

शेजारी एक मावशी टेकल्या. परभणीकडच्या. डोक्यावरची तुळस उतरवून आधी ती नीट सावलीत ठेवली, मग माझ्या पायाकडे वळल्या.

“बूट काढा आदी.”

काढला. मोजा चिकटला होता. त्यांनी त्यावर घोटभर पाणी ओतलं, जरा थांबल्या आणि मग हलकेच सोडवला. फोड लिंबाच्या फोडीएवढा, भरलेला. माझा हात कातडी सोलायला गेला.

“कातडं काढू नगा माय. त्येच पांघरून हाय त्येचं.”

माझ्या पिशवीत सुई आणि आयोडीनचं मलम होतं. सुईचं टोक त्यांनी काडीच्या ज्योतीवर धरलं, निवू दिलं, आणि फोडाच्या वरून नाही, खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचलं, म्हणजे चालताना पाणी आपोआप खाली निथळत राहतं. दाबलं ते कापडाने, बोटाने नाही. मग मलम. त्यावर मी पट्टी चिकटवायला निघाले तर त्यांनी हात धरला. पट्टी लावली तरी बूट तिथेच दाबणार, हे त्यांना दिसलं होतं. तुळशीखालची चुंबळ सोडून तिच्यातली बोटभर रुंद चिंधी त्यांनी टरकन फाडली, पिळली, आणि दोन बोटांवर गुंडाळून इवलीशी चुंबळ केली. ती फोडाभोवती कडं करून बसवली, फोड मधल्या भोकात मोकळा. वरून माझी चिकटपट्टी. सगळा भार कड्यावर, फोडाला स्पर्श नाही.

“डोस्क्याला चालती, तर टाचंला का न्हाई चालनार?”

मी त्यांना बिस्किटाचा पुडा पुढे केला. त्या हसल्या, पिशवी उघडून दाखवली. आत बारा-तेरा पुडे. तुळस उचलून, आता जरा पातळ झालेल्या चुंबळीवर बसवली आणि त्यांची दिंडी गाठायला गेल्या. नाव विचारायचं राहिलं. बूट नाडीने गळ्यात अडकवून, रस्त्यावर घेतलेल्या रबरी चपलांत सासवड गाठलं.

जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, चांदोबाचा लिंब, फलटण. कुठे किती दिवस, आता सांगता येणार नाही. एका संध्याकाळी मुक्कामावर सगळ्या दिंड्यांच्या समाजआरतीला चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. फक्त एका दिंडीचे वाजत राहिले, म्हणजे त्यांची तक्रार होती. तक्रार करायची ही रीत मला फार आवडली. आमच्या तंबूत घोरणाऱ्या बाईंसाठी मीही टाळ वाजवायला तयार होते.

माळशिरसच्या पुढे तंबू नांगरलेल्या रानात पडले आणि रात्री पाऊस आला. काळी माती. ती निसटत नाही, चिकटते; दहा पावलांत एकेका बुटाला किलोभर. येऊरची युक्ती इथे कामाची नाही. दर पाच पावलांवर काठीने तळवा खरवडायचा, नाहीतर घोटा मुरगळतो. चार वाजता अंधारात टँकरपाशी रांग, पुढे चिखल, मागे चिखल, आणि कोणीतरी गात होतं. चिडलेली होते, तरी मीही म्हणायला लागले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्याच. दोनदा धुऊन, पुसून, रात्री पाय उघडे ठेवले तेव्हा आटोक्यात आल्या.

पंढरपुरात दर्शनबारी फार लांब होती. कळसाला हात जोडले आणि ठाण्याची एसटी पकडली.

बूट लगेच धुतले नाहीत. काळी माती ओली असताना पसरते. दोन दिवस सुकू दिली आणि सुरीच्या पाठीने ठोकली. खापरासारखी निघाली. खाली खाचांमध्ये येऊरची तांबडी होती, तीही काढली. चिंधीची चुंबळ साबणाने धुऊन बाल्कनीत वाळत घातली आहे. शनिवारी बुटांसोबत पिशवीत जाईल.