‘ड’ नेमका कोणाचा?

स्टॉकहोममधल्या आमच्या कार्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके संगणकाच्या आवाजात तयार होतात आणि त्या आवाजाचे स्वीडिश उच्चार तपासणे हे माझे काम आहे. गेल्या नोव्हेंबरातल्या एका सकाळी वाहन शिकणाऱ्यांसाठीच्या पुस्तकातले एक वाक्य ऐकताना मी थबकले, कारण बेदरकार गाडी हाकणाऱ्याविषयीच्या त्या वाक्यात आवाज मध्येच फिल्मच्या रिळाबद्दल बोलू लागला होता.

शब्द रोमन लिपीतल्या नऊ अक्षरांचा होता. ‘बील’ म्हणजे मोटार आणि ‘ड्रुले’ म्हणजे धसमुसळा माणूस असा विग्रह केला, तर बेदरकार चालक. ‘बिल्ड’ म्हणजे चित्र आणि ‘रुले’ म्हणजे गुंडाळी असा केला, तर फिल्मचे रीळ. मधला ‘ड’ डावीकडच्या शब्दाचा की उजवीकडच्या, एवढाच प्रश्न. मुख्य आघात, म्हणजे उच्चारातला जोर, दोन्ही वाचनांत पहिल्या पदावर आणि दुय्यम आघात शेवटच्या पदावर पडतो. पण स्वीडिशमध्ये शब्दाच्या ज्या तुकड्यावर आघात पडतो, त्यात एक तर स्वर लांबतो, नाहीतर त्यानंतरचे व्यंजन, म्हणून ‘बील’मधला ‘ई’ दीर्घ होतो आणि ‘बिल्ड’मध्ये स्वर आखूड राहून ‘ल’ लांबतो. यंत्राने स्वर आखूड केला होता. शाळेत आम्ही समासाचा विग्रह अर्थ सांगण्यासाठी करत असू; उच्चार करण्याआधीच तो करावा लागतो, हे मला या भाषेने शिकवले.

त्याच दिवशी परिचारिकेचा शब्दही आला. ‘शूकशोतेश्का’मध्ये दुय्यम आघात ‘शो’वर असतो, दोन्ही पदांवर सारखाच जोर दिला, तर ऐकणाऱ्याला ‘आजारी परिचारिका’ असे दोन सुटे शब्द ऐकू येतात. त्यालाच प्रशिक्षणाचा ‘ऊतबिल्दनिंग’ जोडला, की ‘शो’वरचा आघात विरतो आणि थेट ‘बिल्द’वर जाऊन बसतो. माझी ज्येष्ठ सहकारी टेबलावर बोटाने ठोके देत हे दाखवत होती: पहिला ठोका जोरात, मधले सगळे हलके, शेवटच्या पदावर पुन्हा एक ठसठशीत. मला तिच्या शब्दांपेक्षा त्या बोटावरून अधिक उमगले.

एक शब्द मात्र संध्याकाळपर्यंत सुटला नाही. ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘ग्लस’ म्हणजे आइस्क्रीम, आणि ‘स्कोल’ म्हणजे वाडगा. स्वीडिशमध्ये तीन सारखी व्यंजने सलग लिहीत नाहीत, त्यामुळे आइस्क्रीमच्या शब्दातला एक ‘स’ गळतो आणि काचेचा वाडगा नि आइस्क्रीमचा वाडगा कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. ओळीच्या शेवटी शब्द तुटला असता, तर गळलेला ‘स’ परत आला असता. इथे तो ओळीच्या मध्यावर होता, आणि वाक्यात टेबलावर वाडगा ठेवला आहे यापलीकडे काहीच नव्हते. आम्ही लेखिकेलाच विचारले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: काचेचा. मी ‘आ’ दीर्घ केला आणि ते वाक्य पुन्हा लावून ऐकले.