आईच्या कागदांमध्ये नोंदवलेला ताप

आईची पाठ दुखू लागली तेव्हा ती ६१ वर्षांची होती. साताऱ्याहून आम्ही तिला पुण्यातील एका खासगी रुग्णालयात नेले. तेथे एक्स-रे काढून ‘वयोमानानुसार मणक्याची झीज’ असे निदान झाले आणि पुढचे साडेचार महिने वेदनाशामक गोळ्या, कमरेचा पट्टा व दोन वेळा दाखल करून मणक्यात दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने, असे उपचार चालले. पाचव्या महिन्यात तिच्या पायांतील शक्ती गेली. दुसरीकडे एमआरआय आणि बायोप्सी झाल्यावर कळले की तो मणक्याचा क्षयरोग होता. यवतेश्वरची चढण पायी चढणारी माझी आई आज घरात वॉकर धरून चालते.

दादाला पहिल्याच दिवशी पोलिसांत तक्रार करायची होती. आमच्या वकील मॅडमनी त्याला थांबवले. जेकब मॅथ्यू खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालण्यासाठी अत्यंत गंभीर स्वरूपाचा निष्काळजीपणा दिसावा लागतो, हे त्यांनी समजावले. त्याहून महत्त्वाचे त्यांनी जे सांगितले ते मला पचायला बरेच दिवस लागले: निदान चुकणे हा स्वतःहून निष्काळजीपणा ठरत नाही. त्या विषयातील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली होती का, एवढाच प्रश्न न्यायासनापुढे असतो.

त्याचे उत्तर कागदांत होते. रुग्णालयाने आम्हाला केवळ दोन पानांचे डिस्चार्ज कार्ड दिले होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात, म्हणून आम्ही लेखी अर्ज केला आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. (ही पोच जपून ठेवावी, तोंडी मागणी केल्याचा पुरावा उरत नाही.) नोंदी मिळाल्यावर मी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर एकेक पान लावत बसले. परिचारिकेच्या अक्षरात, दोन्ही वेळच्या मुक्कामात, संध्याकाळच्या रकान्यात ताप लिहिलेला होता: ९९.८, १००.४, पुन्हा १००.२. रक्ताच्या अहवालात ईएसआर (शरीरातील दाह किंवा संसर्ग सुचवणारी चाचणी) ९२, म्हणजे खूपच वाढलेला होता. वजन घटल्याची आईची तक्रारही पहिल्याच केसपेपरवर नोंदवलेली होती. कोणीतरी हे सारे प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते, मात्र क्षयरोगाची शंका यावी अशी ही चिन्हे असूनही त्यापुढे कोणतीही तपासणी सुचवलेली नव्हती.

दाद मागण्यासाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग निवडला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदाराला आपण राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते. आजारी माणसाला घेऊन पुण्याच्या फेऱ्या मारण्यापासून या तरतुदीने आम्हाला वाचवले. मुदत मात्र दोन वर्षांचीच आहे, आणि उपचारांच्या धावपळीत त्यातील नऊ महिने आमच्या लक्षातही न येता निघून गेले होते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही आम्ही तक्रार केली आहे. ती परिषद डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई करू शकते, पण नुकसानभरपाई देऊ शकत नाही.

तज्ज्ञाचे मत मिळवणे सर्वांत कठीण गेले. तीन डॉक्टरांनी कागद पाहून खेद व्यक्त केला, परंतु लिहून देण्यास नकार दिला, आणि त्यांची अडचण मला समजत असली तरी त्या नकाराचे दुःख आजही आहे. मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झालेल्या किशन राव प्रकरणात, प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. तरीही मॅडमनी आग्रह सोडला नाही. अखेर दुसऱ्या जिल्ह्यातील एका निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञांनी लेखी मत दिले.

शपथपत्रावर सही करताना आईने विचारले, “त्यांनी तो ताप पाहिलाच नाही, की पाहून सोडून दिला?” रुग्णालयाच्या सोळा पानी लेखी जबाबात तापाचा उल्लेख कोठेही नाही. पुढच्या तारखेला आम्हाला त्यांच्यासाठी प्रश्नावली दाखल करायची आहे, आणि तिच्यात पहिला प्रश्न आईचाच आहे.