वर्गातला नियाझी

१९७२ साली मैसूर राज्याच्या एस.एस.एल.सी.ला, म्हणजे शालान्त परीक्षेला बसलेल्या आमच्या वर्गात एक गाझी होता, एक नॅट होता, एक आकाशवाणी होता आणि एक नियाझीही होता. खरी नावं हजेरीपटात असतील. ती इथे देत नाही. एक तर सगळे आता आजोबा-आज्या झालेत, नातवंडांपुढे त्यांची अब्रू आहे. आणि दुसरं म्हणजे त्यातली निम्मी मला पटकन आठवतच नाहीत.

तेव्हा बेळगावातल्या मराठी शाळांत निरोप समारंभाला शेलापागोटे असायचे. प्रत्येकावर दोन ओळी, बिननावी चिठ्ठीवर. सगळ्या चिठ्ठ्या ताटात टाकायच्या, सरांनी एकेक उचलून वाचायची आणि ज्याच्यावर असेल त्याने उभं राहून गुमान ऐकून घ्यायचं. चिठ्ठ्या बिननावी असल्या तरी कवी एकच, हे सगळ्या शाळेला ठाऊक असे. एरवीच्या वर्षी त्यात जाडी, चष्मा, तेलाने थबथबलेल्या वेण्या, असला नेहमीचा माल. आमच्या वर्षी, म्हणजे १९७१च्या ऐन डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध झालं आणि कवीच्या हाती आयतं शस्त्रागारच लागलं.

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थनेच्या रांगेतच आकाशवाणीने बातमी फोडली. त्याच्या मामाचं खडेबाजारात दुकान होतं आणि दुकानात मोठा रेडिओ. देवकीनंदन पांडेंचा आवाज काढून तो बातम्या द्यायचा. आवाज बरा जमायचा, आकडे मात्र त्याचे स्वतःचे. पहिल्या तासाला पाडलेली चार विमानं मधल्या सुट्टीपर्यंत नऊ व्हायची आणि शाळा सुटताना पाकिस्तानकडे उडायला काही उरायचं नाही. त्याच्यावरची चिठ्ठी अशी होती:

दिल्लीहून निघते बातमी, असते वितीएवढी,
याच्या तोंडी आली की होते हत्तीएवढी.

आता बेळगावचं असं की, कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि सांब्र्याला हवाई दलाचं ठाणं. त्यामुळे कराचीहून उडालेलं पहिलं विमान सरळ आपल्यावरच येणार, याबद्दल वर्गात दुमत नव्हतं. कराचीच्या माणसांना बेळगाव कुठे आहे हे माहीतच नसेल, ही शंका एका मुलीने काढली तेव्हा सगळ्यांना तो गावाचा अपमान वाटला. घरोघरी खिडक्यांना काळा कागद लागला. आमच्या गल्लीत तर काळा कागद संपल्यावर एका काकूंनी जुनी काळी चंद्रकळा ताणून बसवली.

नागरिकशास्त्राच्या सरांनी एकदा विचारलं, "सीमेवर सध्या काय चाललंय, कोण सांगेल?" मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, "सर, महाजन अहवाल आम्ही फेटाळलाय." बेळगाव मैसूरकडेच ठेवा असं सांगणारा तो अहवाल, आणि त्याच्या घरातली सगळी माणसं महाराष्ट्र एकीकरण समितीची. सरांना हसू आवरेना. आमच्याकडे सीमा म्हटलं की पाकिस्तान दुसऱ्या नंबरावर यायचं.

नॅट म्हणजे वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा. नॅट विमानही तसंच, इवलंसं. २२ नोव्हेंबरला पूर्व सीमेवर बोयराच्या आकाशात आपल्या नॅटांनी पाकिस्तानची सेबर विमानं पाडल्यापासून त्याचं फार नाव झालं होतं. शिवाय ते बनायचं बंगळूरच्या कारखान्यात. मैसूर राज्याचा अभिमान वाटावा असे प्रसंग आम्हाला तसे कमीच यायचे, त्यातला हा एक. आमचा नॅट भांडण सोडवायला आला की दोन्हीकडच्या थोराड पोरांच्या पोटात डोकं खुपसून मधूनच पार व्हायचा.

उंची चार फूट, आवाज मात्र जेटचा,
वर्गात दंगा कोणाचा? शोध घ्या नॅटचा.

गाझीचं नाव पाकिस्तानच्या पाणबुडीवरून. ती विशाखापट्टणमजवळ समुद्रात बुडाली आणि आमचा गाझी रोज हजेरीनंतर. "हजर" म्हणायचं, सर फळ्याकडे वळले की बाकाखालून सरपटत खिडकी गाठायची, की संपलं. कन्नडच्या सरांनी त्याला वर्षभरात जेमतेम पाहिला असेल. हे सर धारवाडकडचे, मनाने लोण्यासारखे. वर्गात कितीही गोंधळ असला तरी "सुम्म कूडरी", गप्प बसा, एवढंच म्हणायचे, आणि आम्ही गप्प बसलो की बक्षीस म्हणून धारवाड केंद्रावर ऐकलेली बातमी सांगायचे. आकाशवाणी लगेच ती दुरुस्त करायचा.

शरणार्थीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. त्याला स्वतःचा बाक नव्हता. म्हणजे होता, पण तो मधल्या सुट्टीत डब्यांच्या वासाने फिरत फिरत जिथे पोचेल तिथेच बसायचा. कोणाची भाकरी, कोणाचं लोणचं, कोणाकडे उकडलेली रताळी. त्याच नोव्हेंबरात सरकारने बांगलादेशच्या निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला सांगितलं होतं. नवीन तिकीट छापून येईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असा शिक्का मारून ते विकत होते. आमच्या कवीच्या नजरेतून हे सुटणार कसं? शरणार्थीच्या घरी आठ भावंडं.

पाच पैशांचं तिकीट घ्या, दोन्ही छाप बघा,
मागचा याच्या बापाला, पुढचा याला लागा!

सरांनी ही चिठ्ठी मनात वाचली, कानापर्यंत लाल झाले आणि खिशात टाकली. ती आम्हाला कळली ती कवीकडूनच, नंतर. सेन्सॉर होऊन सगळ्यात जास्त पाठ झालेला तो एकमेव शेलापागोटा. शरणार्थी मात्र आपल्यावर काहीच लिहिलं नाही म्हणून दोन दिवस रुसून होता.

मुलींनी जवानांसाठी स्वेटर विणायचे असं शिवणाच्या बाईंनी ठरवलं. मी खाकी लोकर आणली. विणायला बसले तेव्हा पूर्व आघाडीवर आपलं सैन्य नद्या ओलांडत होतं. पाठीचा भाग झाला तेव्हा पूर्व पाकिस्तानात टांगाईलला आपले छत्रीधारी उतरले. गळा काढते तोवर १६ डिसेंबर उजाडला आणि ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींनी शरणागतीवर सही केली. तेरा दिवसांत एवढं मोठं सैन्य हरतं, पण तेरा दिवसांत बाही काही होत नाही. माझ्यावरच्या ओळी अशा:

पाठ झाली, पोट झालं, उरली एकच बाही,
नियाझीला थोडा तरी दम धरवला नाही!

तेव्हापासून मी लोकर. लग्नात एका मैत्रिणीने आहेराच्या पाकिटावर तेच नाव घातलं आणि सासरी दोन दिवस हे काय प्रकरण म्हणून चौकशी चालली होती.

खंदक हा बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा. सायकलने यायचा. पी.टी.च्या सरांनी मैदानाच्या कडेला खंदक खणायचा हुकूम काढला तेव्हा आम्हा शहरातल्यांची फावडी धरण्यावरूनच भांडणं झाली. टिळकवाडीच्या मुलांच्या हाताला दहा मिनिटांत फोड. याने सदरा काढून कुंपणाला टांगला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कमरेइतकं खणून वर आला.

आम्ही खणला फोडांनी, याने फावड्याने,
खड्डा बघून माघार घेतली याह्याच्या गड्याने.

(याह्या म्हणजे याह्याखान, तेव्हाचे पाकिस्तानचे अध्यक्ष.) खंदकाचा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आकाशवाणी बातम्या ठोकायला लागला की खंदक कडेला उभा राहून सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच विचारायचा, "खरं मराठा पलटणीचं काय सांगितलं गा?" (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.) आकाशवाणी याचं उत्तर कधीच बनवून सांगायचा नाही. एवढा थापाड्या मुलगा, पण तिथे "नाही बा, काही बोलले नाहीत" म्हणून गप्प व्हायचा. जानेवारीत भावाचं पत्र आलं. तिकडे भात आपल्यासारखाच पिकतो खरं माती फार चिकट, बूट निघत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. खंदकाने ते वाक्य अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं. बाकीचं पत्र घडी घालून खिशात.

ती पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती, हे मी फार पुढे वाचलं. तिथली एक गोष्ट मला आमच्या निरोप समारंभात सहज खपली असती अशी वाटते. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियरने जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला पत्र धाडलं, की वेढा पडलाय, शरण या. त्या गृहस्थाने उत्तर पाठवलं ते बंदुकीची गोळी कागदात गुंडाळून; आणि मजकुराचा सूर असा, की तुमचा लेखणीवर हात चांगला बसलाय, आता जरा स्टेनगन घेऊन भेटा. दोन दिवसांत जमालपूर पडलं, ते सोडा. पण शेलापागोटा म्हणून मी त्याला आमच्या कवीच्या वरचा नंबर देईन. आमच्या कवीला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "यमक कुठाय?"

राहता राहिला नियाझी. हा आमचा मॉनिटर. ढाक्यातला सहीचा फोटो पेपरात आला त्याच आठवड्यात गणिताच्या तासाला कोणीतरी पी.टी.च्या सरांची शिट्टी पळवून भोंग्यासारखी वाजवली आणि सगळा वर्ग सरावाप्रमाणे बोंबलत खंदकात जाऊन पडला. गणिताचे सरही, हे सांगायला हवं. चौकशी बसली. मॉनिटरने मधल्या सुट्टीत आम्हाला शब्द दिला होता की मरेन, पण नावं सांगणार नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत तो पाच मिनिटं होता. बाहेर आला तेव्हा आत टेबलावर यादी तयार होती, सुवाच्य अक्षरात, बाकांच्या क्रमाने, खाली दिनांक आणि सही. त्या दिवशी गैरहजर असलेल्या दोघांची नावंसुद्धा होती. मुख्याध्यापकांची ती छडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी त्याला हसू नये. पण आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे आम्ही पोट धरून हसलो.

'मरेन, खरं वाकणार नाही,' असा होता बाणा,
छडी दिसताच म्हणाला, 'कागद-पेन आणा!'

पुढे खंदक भरतीला गेला आणि सुभेदार होऊन परतला. त्याने खरे खंदक पाहिले, त्यामुळे आमचा तो खड्डा म्हशीलासुद्धा पुरला नसता असं तो आता ठामपणे सांगतो. नॅटने ट्रान्सपोर्टचा धंदा काढला, सगळ्यात मोठे ट्रक त्याचेच. आकाशवाणी विम्यात गेला, जायलाच हवा होता. गाझी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आहे; सकाळी "सुप्रभात" टाकतो आणि रात्रीपर्यंत सापडत नाही.

मागच्या दिवाळीत नियाझीने ग्रुपवर रीतसर अर्ज टाकला. आपण हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, नातू आता मोबाइल हाताळतो, तेव्हा हे नाव बदलून मिळावं, ही विनंती. खंदकाने लगेच लिहिलं, "करारावर तूच सही केलीस की गा." नियाझी भडकला आणि ग्रुप सोडून गेला. नॅटने त्याला पाच मिनिटांत परत ओढून आणला. मग आकाशवाणीने जाहीर केलं, की ९३ हजार युद्धकैदी घरी पाठवता पाठवता सरकारला १९७४ उजाडलं होतं, तेव्हा यालाही इतक्या लवकर सोडायचं काही कारण नाही. या वेळी आकडा बरोबर होता.